पुनमचंद राठोड आणि नासेरचा कॉलर माईक

पुनमचंद राठोड वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या लिलावाचा पुकारा करायचा तेव्हा रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांना भाव विचारायला आत जावं लागत नसे. बसल्या जागी, बशीतला चहा फुंकता फुंकता त्यांना कळायचं की आता कुणाच्या ढिगाची बोली चालली आहे आणि ती कुठवर चढली आहे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं त्या आवाजावर काढली. साठी उलटल्यावर रोजची ये-जा झेपेना, तेव्हा तो काम सोडून शिरड शहापूरजवळच्या आपल्या तांड्यावर शेती बघू लागला. मोंढा सुटला, पण आवाजाची पट्टी काही खाली आली नाही.

जेवताना मीठ मागायचं तरी तो लिलाव पुकारल्यासारखा मागायचा. फोनवर बोलायला लागला की पलीकडचा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरायचा. धाकट्या लेकीच्या, मिनाच्या, सोयरिकीचं बोलणं आलं की सगळ्या तांड्याला ते त्याच मिनिटाला ठाऊक व्हायचं. मिना काकुळतीला येऊन सांगायची, "बा, शेतात जाऊन बोला ना." तो बिचारा शेतात जायचा. मग तांड्याला ते शेताकडून ऐकू यायचं, एवढाच काय तो फरक.

मिनाचा आवाज अगदी उलटा, मऊ आणि बारीक. तिनं कृषी पदविका केली होती आणि हळदीच्या लागवडीपासून पॉलिशपर्यंतचे व्हिडिओ ती मोबाईलवर काढून टाकायची. बघणारे बऱ्यापैकी होते. पण खाली लोक लिहायचे, "ताई, माहिती चांगली आहे, पण तुमच्यापेक्षा वाराच जास्त बोलतो." मिनाला वाईट वाटायचं. त्याहून वाईट वाटायचं ते आईचं. भिकाबाईला ती प्रत्येक व्हिडिओ दाखवायची. भिकाबाई शेवटपर्यंत बघायची, मान हलवायची आणि म्हणायची, "साडी चांगली दिसून राहिली." बस्स. माहितीबद्दल एक अक्षर नाही. आपल्या कामात याडीला, म्हणजे आईला, काही रस नाही, असं मिनानं मनाशी धरून ठेवलं होतं.

शिरड शहापुरात बस थांबते तिथं नासेरचं मोबाईलचं दुकान आहे. चार्जर, कव्हर, काच बदलणं असली कामं. नासेरचा एक हट्ट होता: स्वतःला खात्री नसलेली वस्तू तो गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. दिवाळीनंतर एका दुपारी मिना मोबाईलचं चार्जिंग दाखवायला गेली, सोबत पुनमचंदही होता. नासेरनं काउंटरखालून एक छोटी डबी काढली. आत करंगळीएवढा काळा माईक, त्याला मागं चिमटा, आणि मोबाईलला खाली लावायचा एक तुकडा.

"मिनाताई, हा बिनवायरचा कॉलर माईक. नांदेडचा व्यापारी देऊन गेला. म्हणे लई पोरं व्हिडिओ काढायलीत, खपेल. डबीवर तर लिहिलंय की वाऱ्यात, गर्दीत, कुठंबी आवाज साफ. पण मला काय माहीत? मी काय व्हिडिओ काढतो व्हय?"

"मग मी काय करू?" मिनानं विचारलं.

"घेऊन जा. चांगला रगडून बघा. घरात, शेतात, मोटरीजवळ. जसा हाय तसा व्हिडिओत सांगा. खराब असला तर खराब सांगा. खोटी तारीफ नको. पुढच्या बाजाराला व्यापारी येणार हाय, तवा ठेवायचा का परत द्यायचा ते ठरवतो."

"आमच्या आवाजाला माईक कशाला लागतो?" पुनमचंद म्हणाला. दुकानासमोर उभ्या असलेल्या काळीपिवळी जीपमधल्या बायकांनी वळून पाहिलं.

नासेर हसला. "चाचा, तुमचाच आवाज घालून बघा त्यात. तुमाला जो सोसंल तो माईक पक्का."

घरी आल्यावर मिनानं माईक आधी स्वतःच्या ओढणीला लावला. मोबाईलच्या तुकड्याला इअरफोनचं भोक होतं, त्यामुळे माईकमध्ये जे जातं ते तिथल्या तिथं ऐकता यायचं. घरात आवाज इतका साफ आला की स्वतःचाच आवाज ऐकून ती लाजली. पंख्याचा घरघराट मात्र माईकनं उचलला. ओढणी जरा हलली की कानात खसखस व्हायची. मग तिनं माईक ड्रेसच्या गळ्याशी घट्ट लावला आणि ओढणी काढून बाजूला ठेवली. खसखस गेली.

शेतात हळद कमरेच्या वर आली होती. तिची रुंद पानं वाऱ्यानं एकमेकांवर आपटत होती. तिथं माईकचं पितळ उघडं पडलं. वारा त्याच्यावर थेट आला की कानात नुसती फडफड. डबीत एक केसाळ टोपी होती, ती माईकवर चढवल्यावर फडफड पुष्कळ कमी झाली. पण ती टोपी सैल होती. मिना वाफ्यातून वाकून बाहेर पडेपर्यंत ती कुठं तरी पडली. तिनं आणि पुनमचंदनं हळदीच्या बुडाशी बरंच शोधलं, पण टोपी काही सापडली नाही. मिनाचं तोंड उतरलं. नासेरची वस्तू, आणि तीही परत द्यायची असली तर?

भिकाबाई ओट्यावर बसली होती. मिनानं तिला सगळं सांगितलं, हातवारे करून सांगितलं. भिकाबाई उठली, पेटीतून सासूच्या वेळची एक जुनी पिशवी काढली. आरसे लावलेली, कडेनं लोकरीचे गोंडे असलेली. त्यातला एक सुटलेला गोंडा घेऊन तिनं तो आतून पोकळ केला, तोंडाशी दोरा ओवला आणि माईकवर बसवून गाठ मारली. लाल, जाड, गच्च लोकरीची टोपी. मिना तशीच पुन्हा शेतात जाऊन आली. या टोपीत वारा आधीपेक्षाही कमी लागत होता, आणि ती पडायचं तर नावच घेत नव्हती.

"आता बा, तुमी," मिना म्हणाली.

पुनमचंदनं सदरा नीट केला. मिनानं माईक त्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी लावला आणि मोबाईल घेऊन विहिरीच्या दिशेनं चालू लागली. बापानं बोलत राहायचं आणि किती लांबवर नीट ऐकू येतं ते तिनं बघायचं, असं ठरलं होतं. पुनमचंदनं घसा खाकरला आणि जुन्या सवयीनं पुकारा सुरू केला. ढीग कुणाचा, हळकुंड कसं, बोली कितीपासून.

मिनानं इअरफोन कानातून ओढून काढले. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येत होता. शब्द एक कळेना.

"बा, आवाज फाटून राहिला," ती तिथून ओरडली. तिचं ओरडणं त्याला ऐकू गेलं नाही. ती परत आली. "आवाज फाटतो तुमचा. वरडू नका."

"मी कुठं वरडून राहिलो? बोलून राहिलो."

"मग हळू बोला."

"हे हळूच हाय."

तिनं माईक खाली पोटापाशी लावला. थोडा फरक पडला. मोबाईलमध्ये आवाज घेण्याचं माप कमी केलं. आणखी थोडा फरक पडला. पण पुनमचंद रंगात आला की पुन्हा गारा. चार वेळा करून झालं. शेवटी मिना कंटाळून म्हणाली, "माईकचा दोष न्हाई बा. एवढा आवाज कोणताच माईक घेणार न्हाई."

पुनमचंदला ते लागलं. ज्या आवाजासाठी बाहेरगावचे व्यापारीसुद्धा त्याला नावानं ओळखायचे, त्या आवाजाला घरच्या पोरीनं फाटका म्हटलं. धार काढायची वेळ झाली होती, तो गोठ्याकडे निघून गेला. माईक तसाच सदऱ्याला होता. त्याच्या ध्यानात राहिलं नाही, आणि मिनाच्याही.

चांदी म्हैस नुकतीच व्यायली होती आणि फार अवघड होती. भिकाबाई धारेला बसली की पुनमचंदनं म्हशीची मान धरून उभं राहायचं, नाहीतर ती लाथ मारून चरवी उडवायची. रोजचंच होतं ते. मिना अंगणात बाजेवर बसून मोबाईल बंद करणार, तेवढ्यात इअरफोनमधून तिला कुणाचा तरी आवाज आला.

"थांब माय. हलू नको. घे, खाजवतो. इथं ना? हां."

तिला आधी कळलंच नाही, हे कोण बोलतंय. खालच्या सुरातला, थोडा घोगरा, लाडाचा आवाज. गोठ्यात म्हशीच्या मानेशी पुनमचंद उभा होता, त्याचे ओठ हलत होते.

"मिना म्हणते माझा आवाज फाटतो. फाटंल न्हाई तर काय? माझा बा हळद घेऊन मोंढ्यात जायचा, तवा व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे. बा ढिगाजवळ उभा, त्याला कुणी काही सांगंना. परत येताना मला इचारायचा, पुनम, तुला काही कळलं का रं? मी लेकरू, मला काय कळणार? म्हणून मी पुकाऱ्याला लागलो तवा ठरवलं, शेवटी उभा हाय त्या माणसालाबी कळलं पायजे. म्हणून वरडायचो. आता घरात कोण लांब उभं हाय? तरी वरडतो. सवय लागली ना, जात न्हाई."

मग तो पुन्हा म्हशीच्या कानामागं खाजवू लागला आणि वैरणीचं काहीबाही बोलू लागला.

मिना बाजेवर तशीच बसून राहिली. आवाज स्वच्छ होता. श्वाससुद्धा ऐकू येत होता, चरवीत पडणारी दुधाची धारही ऐकू येत होती. माईक चांगला आहे हे तिला त्याच क्षणी कळलं. पण आपण बापाचं चोरून ऐकलं, हे तिच्या मनाला बरं वाटेना. तो गोठ्यातून बाहेर आल्याबरोबर तिनं सांगून टाकलं, "बा, माईक चालूच व्हता. तुमी चांदीशी बोलले ते सगळं आलं ह्याच्यात. नको असलं तर पुसून टाकते."

पुनमचंदनं सदऱ्याकडे पाहिलं. लाल गोंडा तिथंच होता. त्याचे कान तापले. "म्हशीशी काय बोलायचं न्हाई का माणसानं?" तो म्हणाला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "फाटला का?"

"न्हाई. एकदम बराबर आला."

"आसं?" तो जरा सुखावला. मग चरवी घेऊन आलेल्या भिकाबाईकडे बोट दाखवून म्हणाला, "तिला ऐकव. तीबी बघू दे, मला हळू बोलता येतं."

मिनानं आईच्या कानात इअरफोन घातले, आवाज पूर्ण वाढवला आणि ते पुन्हा लावलं. भिकाबाई चरवी मांडीशी धरून ऐकू लागली. आधी कपाळाला आठ्या, मग डोळे बारीक, मग ती हसायला लागली. संपल्यावर इअरफोन काढून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"हे कवा बोलले तुमी?"

"आत्ता," मिना म्हणाली. "तू धारेला बसली व्हतीस तवा."

"काय म्हणली?"

मिनानं मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

"मी तर शेजारीच व्हते," भिकाबाई म्हणाली. "रोजच तोंड हलवतात तिथं उभं राहून. मला वाटायचं तमाकू चघळून राहिले."

बापलेकीनं एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली. भिकाबाई चरवी झाकायला वळली होती. पुनमचंद तिच्या मागं दोन पावलांवर गेला आणि म्हशीशी बोलला त्याच आवाजात म्हणाला, "भिका, मला चहा देती का?"

भिकाबाई चरवीवर फडकं बांधत राहिली.

"भिका, चांदी सुटली बघ."

काही नाही. तिनं फडक्याची गाठ नीट केली, वळली, आणि दोघं आपल्याकडे असे का बघताहेत ते तिला कळेना.

मिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती व्हिडिओ तिनं आईला दाखवले होते. आई बघत होती, ऐकत नव्हती. तिला ऐकूच येत नव्हतं. घरात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. पुनमचंद जे बोलायचा ते तिला ऐकू जायचं, आणि बाकीचं ती तोंडाकडे बघून, अदमासानं चालवून न्यायची.

पुढच्या आठवड्यात तिघं नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे गेले. तिथं भिकाबाईला काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानाला मशीन लावली आणि आवाज आला की बोट वर कर असं सांगितलं. बाहेरून पुनमचंद बघत होता. बराच वेळ तिचं बोट खालीच राही, तेव्हा त्याला वाटे आपणच जोरात सांगावं, आला म्हणून. डॉक्टर बाई म्हणाल्या, हे काही आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. ऐकायची छोटी मशीन कानात बसवली की बरंच ऐकू येईल.

"मी रोज घरात," पुनमचंद म्हणाला. "मला काहून कळलं न्हाई?"

डॉक्टर बाई हसल्या. "काका, तुमचा आवाज त्यांना आजही मशीनशिवाय ऐकू येतो. तुम्हाला कसं कळणार?"

परत येताना बसमध्ये तो एकच विचार करत होता. तिला कमी ऐकू येत गेलं तसा आपणही आवाज चढवत गेलो, की आपण चढ्या आवाजात बोलायचो म्हणून तिचं कमी ऐकू येणं झाकलं गेलं? त्याला दोन्ही खरं वाटत होतं. शेजारी भिकाबाई खिडकीशी डोकं टेकून झोपली होती.

मशीन आली तेव्हा पहिले काही दिवस भिकाबाई वैतागली. भांड्यांचा आवाज, पत्र्याचा आवाज, शेजारच्या शितलच्या लेकरांचा आवाज. दुपारी ती मशीन काढून डबीत ठेवायची आणि म्हणायची, "लई गलका हाय जगात." मग हळूहळू सवय झाली. पुनमचंद काही बोलायला लागला की ती तळहात खाली करून दाखवायची, की खाली या. तो खाली यायचा. विसरायचा, पुन्हा यायचा.

व्यापारी येण्याच्या आधी मिनानं माईकचा व्हिडिओ टाकला होता. घरात उत्तम. पंख्याखाली बसू नका. ओढणी, पदर लांब ठेवा. वाऱ्यात टोपी हवीच, आणि डबीतली टोपी सैल आहे, दोऱ्यानं बांधा. विहिरीपर्यंत आवाज नीट येतो, पाठ फिरवली की तुटतो. हळू बोलणाऱ्याला फार चांगला, मोठ्या आवाजाच्या माणसानं तो पोटापाशी लावावा आणि आवाजाचं माप कमी करावं. शेवटी तिनं बापाला विचारून म्हशीशी बोललेल्यातली पहिली दोन-तीन वाक्यं लावली. मोंढ्याचं आणि रुमालाचं मात्र तिनं घरातच ठेवलं. पुनमचंदलाही तेच हवं होतं.

नासेरनं व्हिडिओ दुकानात बसून तीनदा पाहिला. "चाचा, म्हशीनं माझा माल खपवला," तो म्हणाला. टोपी हरवल्याचं मिनानं भीत भीत सांगितलं तेव्हा त्यानं हात झटकला आणि विचारलं, तसल्या लाल टोप्या आणखी होतील का. भिकाबाईला निरोप गेला. तिनं उलट निरोप धाडला की सध्या सवड नाही.

खरंच नव्हती. मशीन लागल्यावर एका सकाळी तिनं मिनाला म्हटलं होतं, "तुझं ते दाखव बरं, हळदीचं." मिनानं शिजवणीचा व्हिडिओ लावला. भिकाबाई नेहमीसारखी शेवटपर्यंत बघत बसली. पण या वेळी साडीबद्दल काही बोलली नाही.

"चुकीचं सांगून राहिली तू," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"फेस आला, वास सुटला की उतरवा म्हणे. आणि आत कच्ची राहिली तर? काडी टोचून बघायची आधी. आत गेली पायजे सहज. तुमच्या शाळेत काडी नव्हती का?"

मिनाला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे रडू. दोन वर्षांत आईनं तिच्या व्हिडिओवर पहिल्यांदा काही तरी म्हटलं होतं, आणि ते असं.

"मग तूच सांग ना," ती म्हणाली.

आता यंदाची हळद निघाली, तांड्यावर कढया चढल्या. लाल गोंड्याचा माईक भिकाबाईच्या पोलक्याच्या गळ्याशी असतो आणि मिना शेजारी उभी राहून प्रश्न विचारते. भिकाबाई उत्तरं देते, मधेच मिनाला खोडून काढते, मिनाही ऐकत नाही, दोघींचं जुंपतं. पुनमचंद मोबाईल धरून समोर उभा असतो. त्याला काही सांगायचं असलं की तो नुसती मान हलवतो, कारण चित्रण चालू असताना त्यानं तोंड उघडायचं नाही असं दोघींनी त्याला बजावून ठेवलं आहे.